तळ्याचं नाव आणि एक गाडी बर्फ

ल्युएला आत्याला त्या तळ्याची गोष्ट येते, याबद्दल केशेना गावात कुणालाच शंका नव्हती. अडचण फक्त बर्फाची होती.

जुन्या गोष्टी जमिनीवर बर्फ असतानाच सांगायच्या, हा मेनॉमिनी या तिथल्या मूळ रहिवाशांचा नियम. उन्हाळ्यात सांगितल्या तर अंथरुणात बेडूक येतात, असे आत्याची आई म्हणत असे, आणि आत्याची आई उगाच काही बोलणाऱ्यांपैकी नव्हती. आता विस्कॉन्सिनमध्ये बर्फाला काही तोटा नाही. नोव्हेंबरात येतो तो एप्रिलपर्यंत मुक्काम ठोकतो. पण गुडघे कुरकुरायला लागल्यापासून आत्या दर नोव्हेंबरात मुलाकडे अ‍ॅरिझोनाला जायची आणि मे महिन्यात परतायची. म्हणजे गावात बर्फ असायचा तेव्हा आत्या नसायची, आणि आत्या असायची तेव्हा बर्फ नसायचा. नऊ वर्षे दोघांची अशी चुकामूक चालली होती. भाषा-कार्यालयाच्या वहीत 'ल्युएला आत्या, गोष्टी, ध्वनिमुद्रण बाकी' ही ओळ नऊ वर्षे जुन्या पानावरून नव्या पानावर उतरवली जात होती.

ती उतरवणारा मायरन हा आत्याचा सख्खा भाचा. वय बेचाळीस, स्वभाव गरीब, आणि एक खोड अशी की रस्त्यावरची एकही पाटी न वाचता पुढे जायचा नाही. शावानो, ओकाँटो, कौकौना, ऑशकॉश, सगळी मेनॉमिनी नावे. "नकाशा उघडला की अर्धा आपलाच," असे तो गाडीत म्हणायचा, आणि त्याची बायको नडीन "हो, फक्त जमीन तेवढी त्यांची," असे म्हणून रेडिओचा आवाज वाढवायची. भाषा लहानपणापासून बोलणारी माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. पाट्या मात्र रोज लाखो लोक वाचत होते, आणि आपण काय वाचतो आहोत हे त्यांच्या गावीही नव्हते. मायरनला याचे मनापासून वाईट वाटे.

म्हणूनच फेब्रुवारीत शेजारच्या जिल्ह्याच्या नाव-समितीचे पत्र आले तेव्हा तो हरखला. मेनॉमिनींच्या राखीव क्षेत्राच्या हद्दीबाहेर एक तळे होते. नकाशावर त्याचे नाव मड लेक, म्हणजे चिखलतळे. या नावाची तळी एकट्या विस्कॉन्सिनमध्ये शंभरावर आहेत. आदल्या वर्षी रुग्णवाहिका भलत्याच चिखलतळ्यावर गेली, आणि ज्याच्या छातीत दुखत होते तो गृहस्थ वाट पाहून कंटाळून स्वतःच गाडी चालवत दवाखान्यात पोहोचला. तेव्हापासून नाव बदलायचे घाटत होते. काठावरच्या बंगलेवाल्यांच्या संघाने 'लेक सेरेनिटी', म्हणजे शांततळे, असे नाव सुचवले होते. तुमच्याकडे जुने नाव असल्यास सतरा जुलैच्या बैठकीत मांडावे, नाहीतर सेरेनिटी कायम होईल, असे समितीने कळवले होते.

त्या तळ्याच्या काठी आत्याची आजी, म्हणजे मायरनची पणजी जन्मली होती. पणजीच्या जन्मगावाला सेरेनिटी म्हणायचे, या कल्पनेनेच मायरनला जेवण गेले नाही. जुने नाव आत्याच्या गोष्टीत असणार, म्हणून त्याने त्याच संध्याकाळी अ‍ॅरिझोनाला फोन लावला.

"आत्या, त्या चिखलतळ्याची गोष्ट येते ना तुला?"

"येते की. माझ्या आजीने सांगितलेली."

"समितीपुढे सांगशील?"

"सांगीन. न सांगायला काय झालं?"

मायरनने अर्ज भरला. नवव्या रकान्यात 'गोष्ट सांगणारी व्यक्ती प्रत्यक्ष हजर राहील काय?' असे विचारले होते. तिथे त्याने 'होय' असे ठसठशीत लिहिले आणि खाली सही ठोकली. बैठक कधी आहे हे आत्याने विचारले नाही आणि मायरनने सांगितले नाही. सगळा घोटाळा इथेच झाला.

जूनमध्ये तो रीतीप्रमाणे तंबाखूची पुडी घेऊन आत्याच्या अंगणात गेला. वडीलधाऱ्यांकडे काही मागायचे तर रिकाम्या हाताने जायचे नसते. आत्या भोपळ्याच्या वेलाला पाणी घालत होती. तिने पुडी घेतली, वास घेतला, खिशात टाकली.

"सतरा जुलैला नेतो तुला," मायरन म्हणाला.

"जुलैला?" आत्याने झारी खाली ठेवली. "मग गोष्ट कशी सांगणार? बर्फ कुठंय?"

मायरनने कपाळाला हात लावला. इतकी वर्षे दुसऱ्यांना भाषेबरोबर रीतभात शिकवणारा माणूस तो, आणि हे त्याच्या डोक्यात आले नव्हते.

"तू फोनवर हो म्हणालीस."

"फेब्रुवारीत विचारलंस, फेब्रुवारीत हो म्हणाले. तुमच्याकडे तेव्हा कमरेएवढा बर्फ होता, मीच टीव्हीवर पाहिला."

"थोडक्यात सांग ना. नुसता सारांश."

"सारांश सांगितला तर काय, बेडकाची पिल्लं येतील?" आत्या म्हणाली आणि झारी उचलून दुसऱ्या वेलाकडे गेली.

तंबाखू तिने परत केली नाही. मायरनने ही आशेची खूण मानली.

रात्रीच्या जेवणाला नडीनचा भाऊ डेल्मर आला होता. डेल्मर निओपिटच्या लाकूड-गिरणीत ओंडक्यांची साल काढणाऱ्या यंत्रावर कामाला. मायरनने सगळी रामकहाणी सांगितली. डेल्मर खाता खाता थांबला. तो तोंडात घास असताना सहसा थांबत नसे, म्हणून नडीनने त्याच्याकडे संशयाने पाहिले.

"किती बर्फ लागेल?" त्याने विचारले.

"म्हणजे?"

"एक गाडी पुरेल का, असं विचारतोय."

मग गुपित बाहेर आले. हिवाळाभर गिरणीच्या आवारातला बर्फ ढकलून मागच्या कोपऱ्यात लोटला जायचा आणि त्याच कोपऱ्यात ओंडक्यांची साल टाकली जायची. हातभर जाड सालीखाली तो बर्फ ऑगस्टपर्यंत जसाच्या तसा राहायचा. हे साऱ्या गिरणीत एकट्या डेल्मरला माहीत होते, आणि गेली सहा वर्षे त्याची बियर आणि हरणाचे मांस तिथे सुखाने थंड होत होते.

"म्हणून तू दुपारच्या सुट्टीत मागं जातोस," नडीन म्हणाली. "मला सांगायचास, झाडांशी बोलतो म्हणून."

"बोलतो पण," डेल्मर म्हणाला. "मेहुणा आहे म्हणून सांगतोय, मायरन. हे आपल्या तिघांत राहू दे."

सतरा जुलैला सकाळी दोघे फावडी घेऊन कोपऱ्यात गेले आणि साल बाजूला केली. खाली करडा, दाणेदार, पण अस्सल बर्फ निघाला. त्यापाठोपाठ चोवीस बियरचे डबे निघाले, आणि त्यापाठोपाठ पाळीप्रमुख रोलंड तिथे उगवला. त्याने बर्फाकडे पाहिले, डब्यांकडे पाहिले, डेल्मरकडे पाहिले.

"हे काय आहे?"

"भाषेचं काम आहे," मायरन म्हणाला.

रोलंडने सगळे ऐकून घेतले. त्याची आजी आणि ल्युएला आत्या लहानपणच्या मैत्रिणी. त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. पण गिरणीतून लाकडाचा तुकडाही चिठ्ठीशिवाय बाहेर जात नाही, आणि चिठ्ठीत बर्फ हा माल छापलेला नव्हता. बराच विचार करून त्याने 'ओली साल, एक गाडी' असे लिहिले. चिठ्ठी खोटी पडू नये म्हणून बर्फावर चार फावडी साल टाकायला लावली. मग गाडी भरेपर्यंत तो तिथेच, सहा डबे काखोटीला मारून उभा राहिला. उरलेले अठरा डबे कुठे हलवायचे या गडबडीत डेल्मर ढिगावर पुन्हा साल पसरायला विसरला. त्या वेळी ते कुणाच्याच लक्षात आले नाही.

बैठक तळ्याकाठीच होती. झाडाखाली तीन समिती-सदस्य घडीच्या खुर्च्यांवर बसले होते. मधले अध्यक्ष गुंडरसन, निवृत्त शाळामास्तर, भला माणूस. मायरनने पत्रात केलेल्या सूचनेप्रमाणे त्यांनी आत्यासाठी सिगारची पेटी आणली होती आणि ती दोन्ही हातांत धरून अवघडून बसले होते. बंगलेवाल्यांच्या संघातर्फे बाई हॉलिस्टर आल्या होत्या. त्यांच्यासोबत त्यांचा कुत्रा होता. अंगभर केस असलेला, अस्वलाच्या अंगलटीचा, आणि उन्हाने मेटाकुटीला आलेला.

ल्युएला आत्या मायरनच्या गाडीतून उतरली ती लोकरी शाल पांघरून आणि गुडघ्यापर्यंतचे बूट घालून.

"आत्या, तीस डिग्री आहे."

"हिवाळा म्हणजे हिवाळा," आत्या म्हणाली. "अर्धवट काम मला आवडत नाही."

डेल्मरने गाडी मागे घेतली आणि खाटेएवढ्या जागेत बर्फ ओतला. समितीने नियमपुस्तिकेत पाहिले. बर्फाविरुद्ध काही लिहिलेले नव्हते. आत्याने काठीने ढिगाला ढोसले.

"हा आभाळातून पडलेला आहे ना? यंत्रातला असेल तर मला चालायचा नाही."

"पडलेला आहे," डेल्मर म्हणाला. "डिसेंबरात. मीच ढकललाय."

"मग थोडा म्हातारा आहे, एवढंच. ते काय, मीही आहे." तिने सिगारची पेटी घेतली, खुर्ची बर्फावर ठेवायला लावली आणि बूट बर्फात रोवून बसली.

गोष्ट तिने मेनॉमिनीत सुरू केली. पाच-सहा वाक्ये झाली की थांबायची, आणि मायरन त्याचे इंग्रजी करायचा. दुसऱ्या खेपेला तिने हात वर केला. "राहू दे. तुझ्या हाती दिला तर ससा पहिल्याच वळणावर मरेल. मीच सांगते दोन्हीतून." मायरनला लागले, पण खरे होते ते खरे होते.

गोष्ट एका सशाची होती. तो आपल्या आजीला न विचारता एकटाच निघतो आणि या तळ्यापाशी येतो. इथे त्याला जे भेटते ते त्याच्याहून पुष्कळ मोठे असते. आत्या हळू सांगत होती. सशाचे बोलणे ती सशासारखे बोलायची आणि त्या दुसऱ्याचे बोलणे खालच्या आवाजात, पाण्याकडे बघत. गुंडरसनांनी टाचणे घ्यायला काढलेले पेन पाच मिनिटांत खाली ठेवले. बाई हॉलिस्टरांनी आधी दोनदा घड्याळ पाहिले, मग विसरल्या. मायरनलाही ही गोष्ट नवीनच होती. आपल्याच पणजीचा आवाज आपण आज पहिल्यांदा ऐकतो आहोत असे वाटून त्याचे डोळे भरून आले.

तेवढ्यात कुत्र्याला बर्फाचा शोध लागला. त्याने पट्टा हिसडला, येऊन बर्फावर आडवा पडला, पाठ घासली आणि चारी पाय ताणून दिले. बाईंनी त्याला ओढून नेईपर्यंत अर्ध्या बर्फाचे पाणी झाले होते. उरलेल्याचे काम ऊन करतच होते. आत्या सांगत राहिली, पण तिची एक नजर बुटांकडे होती. ससा पाण्यात उतरला. पाणी त्याच्या छातीला लागले. मग मानेला लागले. मग त्याने वर पाहिले, आणि...

आत्या थांबली. बुटांखाली ओली जमीन आणि सालीचे चार तुकडे होते.

"आणि?" गुंडरसन म्हणाले.

"बर्फ संपला," आत्या म्हणाली.

"डेल्मर, दुसरी खेप," मायरन म्हणाला. "गाडीत उरलाय ना थोडा?"

डेल्मरचा चेहरा पडला. काम झाले असे समजून त्याने तासाभरापूर्वीच गाडी पाण्याशी नेऊन स्वच्छ धुतली होती. त्याने गिरणीत फोन लावला. रोलंडने ढिगापाशी जाऊन पाहिले. साल उघडीच राहिली होती. "ढीग कसला," रोलंड म्हणाला, "इथं आता डबकं आहे. त्यात तुझं मांस तरंगतंय."

एका सदस्याने मासेमारीच्या दुकानातून बर्फाच्या लाद्या आणायची तयारी दाखवली. आत्याने मान हलवली. लाद्या आभाळातून पडत नाहीत.

बाई हॉलिस्टर पुढे आल्या. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मऊ झाला होता. "निदान चालू वाक्य तरी पुरं करा. त्यानं वर पाहिलं आणि काय? एका वाक्यानं काय होणार आहे?"

त्याच क्षणी आत्याच्या खुर्चीखालून एक बेडूक निघाला. चांगला मुठीएवढा. तो दोन उड्या मारून बाईंच्या पायांसमोर बसला आणि गळा फुगवून सर्वांकडे पाहू लागला.

तळ्याकाठी बेडूक असतात. ते काही नवल नाही. तरी बाई हॉलिस्टर सावकाश आपल्या खुर्चीकडे परत गेल्या.

गुंडरसनांनी घसा साफ केला आणि बैठक तहकूब केली. समिती वर्षातून दोनदाच भरते. पुढची तारीख होती पंधरा जानेवारी. तोपर्यंत सेरेनिटीचा निर्णय राखून ठेवला, असे त्यांनी नोंदवले.

घरी जाताना मायरन सुखावला होता. जानेवारी म्हणजे बर्फच बर्फ. पण शावानोची पाटी मागे पडली आणि त्याच्या लक्षात आले की जानेवारीत आत्या कुठे असते. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. त्याने शेजारी पाहिले. आत्या बूट काढून पायांना वारा देत होती.

"आत्या, या वर्षी थांबशील का?"

तिने खिडकीची काच थोडी खाली केली. बाहेर पाइनची झाडे मागे पळत होती.

"नऊ वर्षं झाली," ती म्हणाली. "दर नोव्हेंबरात सगळे म्हणतात, जा, आत्या, उन्हानं गुडघ्यांना बरं वाटेल. विमानतळावर सोडायलाही येता, पोती भरून जंगली तांदूळ बांधून देता. थांब असं कुणी म्हणालं नाही."

"गुडघ्यांमुळं..."

"गुडघे तिथंही दुखतात रे. तिथं नुसते उन्हात दुखतात."

वहीतली ती नऊ वर्षांची ओळ मायरनच्या डोळ्यांपुढे आली आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

आत्या थांबली. नोव्हेंबरात डेल्मरने तिच्या दारातला बर्फ ढकलायचे काम अंगावर घेतले, आणि कुणी न सांगता तिच्या मागच्या दाराशी त्याचा एक लहानसा ढीग उभा राहिला. त्यात काय ठेवले आहे हे आत्याने विचारले नाही.

पंधरा जानेवारीला बाहेर मांडीएवढा बर्फ होता. बैठक जिल्ह्याच्या सभागृहात होती. जुलैत पाच-सात माणसे होती, आता बसायला जागा नव्हती. बाई हॉलिस्टरांनी संघाचे अठ्ठावीस बंगलेवाले आणले होते. त्यातले कित्येक फ्लोरिडाचे तिकीट पुढे ढकलून आले होते. सशाने वर पाहिले आणि काय, हा प्रश्न त्यांच्यात सहा महिने धुमसत होता. बाईंच्या हातात तंबाखूची पुडी होती.

आत्याने जिथे सोडले होते तिथून सुरुवात केली आणि दोन तास सांगितले. ससा वाचला. कसा वाचला ते इथे लिहिता येणार नाही; वाचणारा कोणत्या महिन्यात वाचेल याचा नेम नाही. शेवटी सभागृहात खुर्चीही करकरली नाही. मग गुंडरसनांनी चष्मा पुसला आणि अर्ज पुढे ओढला.

"फार सुंदर. आता तेवढं तळ्याचं नाव सांगा, म्हणजे लिहून घेतो. ते गोष्टीत आलं नाही बहुतेक."

"गोष्टीत कसं येईल?" आत्या म्हणाली. "गोष्ट नावाहून जुनी आहे. नाव काय, साधं आहे. माझ्या आजीची काकू मेपलच्या झाडांच्या रसाचा पाक करायला तिथं जायची. एका वर्षी निघताना लाकडी पळी विसरली. परत आणायला गेली तर बर्फ वितळून वाट बंद झालेली. तेव्हापासून सगळे म्हणायला लागले, पळी राहिली ते तळं." तिने मेनॉमिनीत नाव सांगितले. एका श्वासात मावेल एवढेच होते.

मायरन उठून उभा राहिला. "आत्या, ही काही हिवाळ्यातली गोष्ट नाही. ही नुसती घरातली हकिगत आहे."

"हो."

"म्हणजे जुलैत सांगता आली असती."

"जुलैत, जूनमध्ये, फोनवरसुद्धा."

"मग सांगितली का नाहीस?"

"तू गोष्ट विचारलीस," आत्या म्हणाली. "नाव विचारलंस कधी?"

मायरनने आठवून पाहिले. ओली साल आठवली, धुतलेली गाडी आठवली, डबक्यात तरंगणारे मांस आठवले. नाव विचारल्याचे मात्र आठवेना. रागवावे असे त्याच्या मनात आले होते, पण समोर आत्या बसली होती. भर जानेवारीत, आपल्या मुलखात, आणि शंभर माणसे तिच्या तोंडाकडे बघत होती. तो खाली बसला.

गुंडरसनांनी रकान्यात नाव लिहिले आणि आत्याकडून दोनदा म्हणून घेतले. हात वर झाले. सेरेनिटीच्या बाजूने एकही मत पडले नाही. बाई हॉलिस्टरांनीही हात वर केला, पण ठराव झाल्यावर तो खाली घेतला नाही.

"अध्यक्ष महाराज, त्या सशाची आणखी एखादी असेल का?"

"आहेत की," आत्या म्हणाली. तिने बाईंच्या हातातली पुडी घेतली, वास घेतला आणि खिडकीबाहेर पाहिले. "एप्रिलपर्यंत बर्फ आहे."

समिती फेब्रुवारीत कधीच भरत नसे. गुंडरसनांनी नियमपुस्तिका चाळली. फेब्रुवारीविरुद्धही त्यात काही लिहिलेले नव्हते. त्यांनी पेन उघडले आणि तारीख मागितली.